ट्रक धावतो किती, थांबतो किती?

नाशिकहून न्हावाशेव्याचं बंदर सुमारे २०० किलोमीटरवर. समजा, दिंडोरीच्या शीतगृहातून द्राक्षांचा कंटेनर निघाला आणि १० तासांनी बंदरात उतरला. सरासरी वेग निघतो ताशी २० किलोमीटर. लगेच म्हटलं जातं, ड्रायव्हर रेंगाळला. ही घाई मला मान्य नाही.

गाडीतलं जीपीएस यंत्र ठरावीक वेळानं कळवतं की गाडी कुठे आहे, वेग किती आहे. अनेक यंत्रं इंजिन चालू की बंद हेही सांगतात. कसारा घाटात रेंज गेली तर चांगलं यंत्र नोंदी साठवतं आणि रेंज आल्यावर धाडतं. नकाशावर शीतगृह, टोलनाका, बंदराचं गेट यांच्याभोवती काल्पनिक कुंपण आखलं, की गाडी आत कधी गेली, बाहेर कधी पडली हे मिनिटांत कळतं. मग त्याच १० तासांचे तुकडे पडतात. ५ तास चाक फिरत होतं, पाऊण तास जेवण आणि सव्वाचार तास गेटबाहेरची रांग! ड्रायव्हरवरचा ठपका तर जातोच, शिवाय हॉल्टिंगचे पैसे मागायला ट्रकमालकाच्या हाती पुरावा येतो.

२०१७ साली जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमांवरचे विक्रीकर नाके गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला, आणि कसारा घाटाला बोगद्याचा पर्याय मिळाला. पण रस्त्यावर वाचलेला तास रांगेत गेला तर शेतकऱ्याला काय मिळालं? न्हावाशेव्याला २०१६ पासून कंटेनरला रेडिओ टॅग लावून त्याचा माग काढतात. शीतगृहाच्या दारात गाडी किती खोळंबली, हे मात्र ट्रकच्याच नोंदींतून काढावं लागतं.

मी सरासरीपेक्षा भरवशाला मान देतो. २० खेपांपैकी १९ खेपा किती तासांच्या आत पोहोचल्या, हा आकडा काढावा. नेहमी १२ तास घेणारी गाडी परवडते. कधी ७, कधी १८ तास घेणारी असेल, तर जहाज चुकू नये म्हणून माल आधीच काढून ठेवावा लागतो.

आता एक अडचण. ठिपका कारण सांगत नाही. घोटीजवळ पहाटे दोन तास थांबलेली गाडी पंक्चर झालेली असेल, नाहीतर ड्रायव्हर झोपलेला असेल. त्याला विचारावं लागतं. झोप असेल, तर ती मी खोळंब्यात नव्हे, प्रवासाच्या वेळातच धरतो.