शपथ आणि सद्सद्विवेक
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



शाळेत आम्ही तुम्हांला आज्ञापालन शिकवतो. रांगेत उभे राहा, घंटा झाली की वर्गात या, दिलेला शब्द पाळा. हे शिकवलेच पाहिजे. पण आज्ञा कुठपर्यंत पाळायची, हा प्रश्न आम्ही शिक्षक सहसा टाळतो. आज तो टाळत नाही. त्यासाठी तुम्हांला हिटलरच्या जर्मनीत घेऊन जातो.

२ ऑगस्ट १९३४ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग वारले. त्याच दिवशी जर्मन सैनिकांकडून नवी शपथ घेण्यात आली. ती देशाशी नव्हे, तर अॅडॉल्फ हिटलर या एका माणसाशी बिनशर्त आज्ञाधारक राहण्याची होती. ईश्वराला साक्ष ठेवून ती घेतलेली असल्याने पुढे पुष्कळ अधिकाऱ्यांच्या पायांत तीच बेडी ठरली.

जनरल लुडविग बेक हे लष्कराच्या जनरल स्टाफचे प्रमुख. चेकोस्लोव्हाकियावर चढाई करण्याचा बेत त्यांना पसंत नव्हता. सर्व सेनापतींनी मिळून राजीनामे द्यावेत, असे त्यांनी सुचविले. कोणी पुढे आले नाही. ऑगस्ट १९३८ मध्ये ते एकटेच पायउतार झाले.

अक्सेल फॉन देम बुशे हा तेवीस वर्षांचा तरुण अधिकारी. १९४२ च्या ऑक्टोबरात युक्रेनमधील दुब्नो येथे हजारो निरपराध ज्यूंना खड्ड्यांपाशी नेऊन गोळ्या घातल्या गेल्या. हे त्याने डोळ्यांनी पाहिले, आणि शपथेचे ओझे त्याच्या मनावरून उतरले. नव्या गणवेशाच्या प्रदर्शनात हिटलरला मिठी मारून स्वतःसह उडवून देण्यास तो तयार झाला. पण ते गणवेशच बॉम्बहल्ल्यात नष्ट झाले आणि प्रदर्शन रद्द झाले.

कर्नल क्लाउस फॉन श्टाउफेनबर्ग यांनी १९४३ मध्ये ट्युनिशियात एक डोळा, उजवा हात आणि डाव्या हाताची दोन बोटे गमावली होती. उरलेल्या तीन बोटांनी त्यांनी बॉम्ब सज्ज केला. २० जुलै १९४४ रोजी पूर्व प्रशियातील रास्टेनबुर्गजवळच्या मुख्यालयात त्यांनी तो बॅगेतून नेला. वेळ अपुरा पडल्याने दोनपैकी एकच स्फोटक सज्ज झाले. पुढे कोणीतरी ती बॅग मेजाच्या जाड आधारापलीकडे सरकवली. चौघे मृत्यू पावले, हिटलर वाचला. त्याच रात्री बर्लिनमध्ये श्टाउफेनबर्ग व त्यांच्या तीन सहकाऱ्यांना गोळ्या घालण्यात आल्या. बेक यांचाही अंत तिथेच झाला. पुढील महिन्यांत सुमारे दोनशे जणांना देहान्त शिक्षा झाली. बायकांना कैद झाली. लहान मुलांना आडनावे बदलून बालगृहात ठेवण्यात आले.

मित्रहो, ही सगळी माणसे निर्दोष होती असे मी म्हणत नाही. त्यांतील कित्येकांनी प्रारंभी हिटलरचे स्वागतच केले होते. काहींचे हात पूर्वेकडील अत्याचारांत गुंतलेले होते. पुष्कळांना जाग आली ती फार उशिरा. हे लपवू नये. उशिरा जागे होण्याची किंमत इतरांनी प्राणांनी मोजली होती.

युद्धानंतरही अनेक जर्मनांच्या लेखी ही मंडळी शपथ मोडणारी, देशद्रोहीच होती. १९५२ साली ब्राउनश्वाइगच्या न्यायालयात सरकारी वकील फ्रिट्झ बाउअर यांनी हा डाग पुसण्यासाठी खटला लढविला. त्यांना देशद्रोही म्हणणाऱ्या माजी सेनाधिकाऱ्याला न्यायालयाने दोषी ठरविले. पुढे १९५६ च्या कायद्याने जर्मन सैनिकाला बजावले की, ज्या हुकमाने गुन्हा घडेल तो पाळायचाच नाही.

ज्याला मराठीत सद्सद्विवेक म्हणतात, त्यालाच आपल्या घरांत जमीर म्हणतात. तो ऐनवेळी उसना मिळत नाही. वर्गात दुबळ्या मुलाची टवाळी चालली असता सर्वांबरोबर हसायचे नाही, इथूनच त्याची तालीम सुरू होते. शिस्त जरूर पाळा. पण ती कोणाच्या कामी येते आहे, हे विचारायला शिका. विद्येची खरी कसोटी तीच आहे.