वाड्यातले वायफाय
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



"दिवाणखान्यात इंटरनेट पळते, मग मागच्या खोलीत का रांगते?" हा प्रश्न मला आपल्यापैकी अनेकांनी विचारला आहे. त्याचे उत्तर मला माझ्याच घरी शोधावे लागले.

आमचे घर लष्करमधले, जुने. दगडी भिंती दीड हात जाड, मध्ये चौक, मागे आईची खोली. पुण्याहून नातीचा व्हिडिओ कॉल आला की आई फोन घेऊन चौक ओलांडून पुढे यायची, कारण मागे चित्र अडकायचे. गेल्या पावसाळ्यात चौकात तिचा पाय घसरला आणि मनगट मोडले. तेव्हा समजले, हा चैनीचा विषय नाही.

त्याआधी मी दोन चुका केल्या होत्या. पहिली, जास्त वेगाचा प्लॅन घेतला. पण नळच मागच्या खोलीपर्यंत गेलेला नाही, तर टाकी मोठी करून काय उपयोग? दुसरी, एक स्वस्त रिपीटर आणून आईच्या खोलीत लावला. जिथे मुळात सिग्नलच येत नाही, तिथे तो पुढे पाठवणार काय?

वायफायच्या दोन लहरी आपल्या उपयोगाच्या. 2.4 गिगाहर्ट्झची लांब जाते, भिंतीतूनही त्यातल्या त्यात बरी शिरते, पण वेग कमी आणि शेजारपाजारची गर्दी फार. 5 गिगाहर्ट्झची वेगवान, पण दगडी भिंतीपुढे हात टेकते. म्हणून अशा घरात एकच महागडे यंत्र घेण्यापेक्षा दोन-तीन साधी, योग्य जागी लावलेली बरी. ती सगळी एकाच नावाने चालतात आणि फोन एकावरून दुसऱ्यावर जातो, त्याला मेश म्हणतात.

मात्र ही यंत्रे आपसात बोलतात कशी, हे दुकानात आधी विचारा. फोनशी आणि एकमेकांशी एकाच लहरीवर बोलणारी असली, तर प्रत्येक टप्प्यावर वेग साधारण निम्मा होतो. म्हणून शक्य तिथे तार ओढा. कॅट-6 केबल 100 मीटरपर्यंत चालते. पीओई असलेले यंत्र घेतले तर वीजही त्याच केबलमधून जाते, चौकात वेगळा प्लग नको. तार शक्यच नसेल तर ट्राय-बँड यंत्र घ्या, त्यात एक लहर आपसातल्या बोलण्यासाठी राखून ठेवता येते. दुसरे यंत्र अर्ध्या वाटेवर, जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे ठेवा. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी यांच्या आड नको.

अंगणात किंवा गच्चीवर घरातले यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून लावू नका. बाहेरचेच घ्या. त्यावर आयपी65 किंवा आयपी67 लिहिलेले असते. पहिला 6 म्हणजे धूळ आत जात नाही. पुढचा 5 म्हणजे पाण्याची धार सोसते, 7 म्हणजे थोडा वेळ पाण्यात बुडाले तरी चालते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा ते किती तापमान सोसते हेही वाचा. केबल उन्हात टिकणारी हवी. विजेपासून बचावासाठी सर्ज प्रोटेक्टर आणि नीट अर्थिंग हवे. दोन इमारती जोडायच्या असतील तर फायबर उत्तम, त्यातून वीज वाहत नाही.

खरेदीआधी मोबाइलवर सिग्नल मोजणारे मोफत अ‍ॅप घ्या आणि घरभर फिरा. आकडा उण्यात येतो. उणे 67 किंवा त्याहून बरा असेल तर व्हिडिओ कॉल सहसा नीट चालतो. उणे 80 च्या आसपास गेला, की तिथे यंत्राची गरज आहे असे समजा. किती यंत्रे हवीत, ते दुकानदार नव्हे, हा फेरफटका सांगतो.

आमच्याकडे शेवटी दोनच लागली, एक पुढे, एक चौकाच्या पडवीत, मध्ये केबल. आई आता आपल्या खाटेवर बसून नातीशी बोलते.

मंडपासाठीही एक सूचना. आरतीचे थेट प्रक्षेपण तारेवरून करा, गर्दीच्या वायफायवरून नको. जे अंथरुणावरून उठू शकत नाहीत, ते त्या पडद्याकडे डोळे लावून बसलेले असतात.

गणपती बाप्पा मोरया!