कटऑफ म्हणजे काय रे भाऊ?

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



या हॉलमध्ये माईकसमोर मी शेवटची उभी राहिले ती नववीत, वक्तृत्व स्पर्धेत. 'झाडे लावा, झाडे जगवा' या विषयावर दोन मिनिटं बोलले, पुढचं विसरले आणि खाली येऊन बसले. मराठीच्या बाई समोरच बसल्या आहेत, त्यांना आठवत असेल. म्हणून आज कागद घेऊन आले आहे.

विषय मात्र मी निवडलेला नाही. आपल्या ग्रुपवर वर्षभर सुप्रभात आणि वाढदिवसाचे केक येतात. जूनमध्ये ते बंद होतात आणि सुरू होतं, "९४ ला काय मिळेल?" "९१ ला कॉम्प्युटर मिळेल का गं?" आपण सगळे पंचेचाळिशीच्या पुढे आलो, त्यामुळे निम्म्या घरांत कोणीतरी दहावी-बारावीत आहे. मी इंजिनिअर, म्हणून प्रश्न माझ्याकडे. शेवटी संयोजक म्हणाले, "एकदाच सगळ्यांना समजावून सांग." जेवणानंतरची वेळ आहे, डुलकी लागली तर मी रागावणार नाही. पण आज मला माझी एक चूकही सांगायची आहे, तेवढ्यासाठी तरी जागे राहा.

आधी पर्सेंटाइल. माझ्या एका नातेवाइकांनी पेढे वाटताना सांगितलं, "आमच्या पोराला सीईटीत ९६ टक्के." टक्के नव्हेत. आपल्या शाळेचंच उदाहरण घेऊ. समजा सहामाहीला अ, ब, क या तिन्ही तुकड्यांना गणिताचे वेगवेगळे पेपर दिले. अ चा सोपा निघाला, ब चा अवघड. आता अ मधले ८० आणि ब मधले ६५ यांत जास्त कोण? सर मार्क बाजूला ठेवतील आणि विचारतील, तुझ्या तुकडीत तुझ्याइतके किंवा तुझ्यापेक्षा कमी मार्क किती जणांना? स्वतःला धरून साठांपैकी ५७ जण निघाले, तर तुझं पर्सेंटाइल ९५. संपलं. मार्क किती होते याचा यात कुठेच उल्लेख नाही.

राज्याची सीईटी संगणकावर, अनेक दिवस, सकाळ-दुपारच्या सत्रांत होते. प्रत्येक सत्र म्हणजे एक तुकडी. म्हणून मार्क न सांगता पर्सेंटाइल सांगतात, तेही दशांशचिन्हापुढे सात आकड्यांपर्यंत. २०२५ साली पीसीएम गटाला चार लाखांहून जास्त मुलं बसली. म्हणजे ९६ आणि ९७ यांच्यामध्ये चार हजारांहून जास्त मुलं उभी आहेत. 'एकानेच हुकलं' असं आपण म्हणतो, तेव्हा तो एक केवढा मोठा आहे हे लक्षात ठेवावं.

आता कटऑफ. यासाठी तुम्हाला १९९७ च्या पावसाळ्यात नेते.

तेव्हा इंजिनिअरिंगला सीईटी नव्हती, बारावीच्या पीसीएमच्या मार्कांवर प्रवेश होता. बोलावणं आलं की प्रवेश केंद्रावर स्वतः हजर राहायचं. मी आणि बाबा पहाटेच्या एसटीने गेलो. बाबा प्राथमिक शिक्षक. फ्री सीट मिळाली तर इंजिनिअरिंग, पेमेंट सीट आली तर बीएस्सी, हे एसटीत बसण्याआधीच ठरलेलं होतं. हॉलमध्ये मोठा फळा. फळ्यावर कॉलेजांची नावं, शाखा आणि उरलेल्या जागांचे आकडे. एकेकाला नावाने हाक मारत. तो टेबलापाशी जाऊन जागा सांगायचा आणि एक कारकून फळ्यावरचा आकडा पुसून एकने कमी करायचा.

मला ज्या कॉलेजचं कॉम्प्युटर हवं होतं, तिथे माझ्या आधी तीन मुलं असताना एक जागा उरली होती. पहिल्याने मेकॅनिकल घेतलं. दुसऱ्यानेही दुसरंच काही घेतलं. माझ्या पुढे चौकड्यांचा शर्ट घातलेला एक मुलगा होता. तो टेबलापाशी गेला, वडिलांकडे एकदा वळून पाहिलं, आणि कारकुनाने तो १ पुसून शून्य केला. मी इलेक्ट्रॉनिक्स घेतलं.

त्या वर्षी त्या कॉलेजचा कॉम्प्युटरचा कटऑफ म्हणून जो आकडा छापून आला असेल, तो त्या मुलाचे मार्क. कोणा प्राचार्यांनी खुर्चीत बसून तो ठरवला नव्हता. त्याने मेकॅनिकल म्हटलं असतं, तर कटऑफ म्हणून माझे मार्क छापले गेले असते. म्हणजे कटऑफ ही पात्रतेची अट नसते. शेवटची जागा ज्याने घेतली त्याचा तो नंबर असतो. प्रवेश आधी होतो आणि कटऑफ नंतर तयार होतो.

आज फळा गेला, पण काम तेच आहे. मी प्रोग्रॅम लिहून पोट भरते, त्यामुळे खात्रीने सांगते, यात काही जादू नाही. गुणवत्ता यादीत वरून सुरुवात करायची. ज्याची पाळी त्याचा पर्यायांचा अर्ज उघडायचा. पहिला पर्याय रिकामा असेल तर तो द्यायचा, नसेल तर दुसरा, नाही तर तिसरा. मग पुढचा मुलगा. तुमच्या मुलाने विसाव्या क्रमांकावर काय लिहिलंय, हे त्याच्या आधीचे एकोणीस भरलेले असल्याशिवाय कोणी बघतही नाही. म्हणून 'अशक्य' वाटणारं कॉलेज वर लिहिल्याने खालच्या कॉलेजवरचा हक्क जात नाही. ही गोष्ट मला १९९७ पासून डोळ्यांनी पाहून माहीत होती. तरीही मी चुकले. ती चूक आता सांगते.

माझ्या मुलीचा प्रवेश याच वर्षी झाला. तिला ९६.९ पर्सेंटाइल. तिच्या मनात एक कॉलेज होतं. नाव सांगत नाही. मागच्या वर्षी पहिल्या फेरीत तिथे तिला हव्या असलेल्या शाखेचा कटऑफ होता ९७.४. मी एक्सेलमध्ये तक्ता केला. हिरवे, पिवळे आणि लाल रंग भरले. ते कॉलेज लाल. मी तिला म्हटलं, "उगाच आशा नको लावून घेऊ. जे मिळणार आहे ते वर लिहू." आणि ९५.८ वाला एक हिरवा पर्याय पहिल्या क्रमांकावर ठेवला. तिचं कॉलेज मी अर्जातून काढूनच टाकलं. रात्री अकरा वाजता अर्ज पक्का केला आणि शांत झोपले.

२०२५ पासून चार फेऱ्या आहेत आणि नियम असा आहे: पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी काही मिळालं, तर तेही तसंच. नाही घेतलं तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. चौथीत जे मिळेल ते. आम्हाला पहिल्याच फेरीत पहिला पर्याय मिळाला. घरात पेढे आले. तिसऱ्या फेरीची यादी लागली त्या दिवशी ती सहज बघत होती. तिच्या कॉलेजचा कटऑफ ९६.८ वर आला होता.

ती ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "आई, नाही म्हणायचं काम कॉलेजचं होतं. ते तू का केलंस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. ती आता जिथे आहे तिथे रमली आहे, मैत्रिणी झाल्या आहेत, रोबोटिक्सच्या क्लबमध्ये रात्र रात्र बसते. कदाचित तेच तिच्यासाठी बरं असेल. पण ते ठरवण्याची संधी तिला मिळाली नाही, आणि ती हिरावणारी स्पर्धा नव्हती. मी होते.

माझं नेमकं कुठे चुकलं, ते तुमच्या कामाला येईल म्हणून सांगते.

एक, मी फक्त पहिल्या फेरीचा तक्ता पाहिला. वरच्या नंबरांची मुलं पुढे आयआयटी, एनआयटीला किंवा आणखी कुठे जातात, जागा सुटतात आणि बऱ्याचदा कटऑफ खाली सरकतो. सगळ्या फेऱ्यांचे तक्ते बघा.

दोन, मागच्या वर्षीचा आकडा मी या वर्षीचा मानला. २०२४ पासून एआयसीटीईने चांगल्या कॉलेजांना जागा वाढवण्यावरची मर्यादा काढली आणि अनेक ठिकाणी कॉम्प्युटरच्या जागा वाढल्या. त्यात दर वर्षी मुलांची आवड बदलते. म्हणून दोन-तीन वर्षांचे आकडे शेजारी मांडा आणि अंदाज आकड्याचा न करता पट्ट्याचा करा. पट्ट्याच्या थोडे वरचे पर्यायही अर्जात राहू द्या.

तीन, क्रम आवडीचाच लावा. मिळेल की नाही याचा विचार शेवटच्या ओळींसाठी ठेवा, तिथे खात्रीची कॉलेजं हवीतच. आणि पहिल्या क्रमांकावर असंच कॉलेज लिहा, जे मिळाल्यावर दुसऱ्या कशाची हळहळ वाटणार नाही.

ग्रुपवरच्या बाकी शंकांची उत्तरं भराभर देते. कटऑफच्या तक्त्यातले ते विचित्र कोड घाबरण्यासारखे नाहीत. सुरुवातीला जी असेल तर सर्वसाधारण जागा, एल असेल तर मुलींसाठी राखीव. मध्ये प्रवर्ग. शेवटी एच म्हणजे आपल्या विद्यापीठ क्षेत्रातल्यांसाठी, ओ म्हणजे बाहेरच्यांसाठी, एस म्हणजे राज्य पातळीवरची. आपल्या मुलाची ओळ कोणती ते आधी ठरवा, मग आकडा वाचा. टीएफडब्ल्यूएस म्हणजे शिक्षण शुल्क माफीची जागा, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्यांसाठी. फी वाचते म्हणून तिथला कटऑफ बहुधा खुल्या जागेपेक्षाही वर असतो. पण तिचा कोड वेगळा असतो, तो वेगळा भरावा लागतो.

आपले जे मित्र बेंगळुरू-हैदराबादला आहेत, त्यांच्यासाठी: एनआयटीच्या गृहराज्याच्या जागा बारावी ज्या राज्यातून केली त्यावर ठरतात, आडनावावर नाही. मूल कर्नाटकातून बारावी झालं, तर नागपूरच्या व्हीएनआयटीत ते परराज्यातलं. आणि जोसाच्या तक्त्यात राखीव प्रवर्गांपुढे जो शेवटचा क्रमांक दिसतो, तो त्या प्रवर्गातला क्रमांक असतो. आपल्या एका मैत्रिणीने तो सर्वसाधारण क्रमांकाशी ताडून पाहिला आणि दोन दिवस घरात चूल पेटली नाही. खरं तर तिच्या मुलाचा नंबर आरामात बसत होता.

आणि जातवैधता, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल ही कागदपत्रं अकरावीतच हाती घ्या. टक्केवारी असून कागदासाठी जागा गेलेली घरं मी पाहिली आहेत.

शेवटचं एक. कटऑफ किती लोकांना ती जागा हवी होती ते सांगतो. तिथे काय शिकवतात ते सांगत नाही. मी २००१ साली बाहेर पडले तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये मंदी होती आणि ज्या शाखेचा कटऑफ सगळ्यांत वर होता तिथली मुलंही घरी बसून होती. मी इलेक्ट्रॉनिक्सची. वर्षभर एका क्लासमध्ये शिकवलं, मग सॉफ्टवेअरमध्येच शिरले. आज मी नव्या मुलांच्या मुलाखती घेते, त्यात कोणाचं पर्सेंटाइल विचारल्याचं मला आठवत नाही. गणिताचे सर म्हणायचे तसं, उत्तर आलं का यापेक्षा कसं आलं ते विचारते. सर, पायऱ्या न लिहिल्याबद्दल तुम्ही कापलेला तो अर्धा मार्क मी अजून विसरलेले नाही.

तर येत्या जूनमध्ये मला जरूर फोन करा, रात्री अकरापर्यंत. पण एक अट आहे. मला पर्सेंटाइल सांगून झालं की फोन मुलाच्या हातात द्यायचा. त्याला काय हवंय ते मी त्याच्याकडूनच ऐकणार. माझ्या घरी हा प्रश्न विचारायचा राहून गेला होता.