निकालांचे पत्ते

कोर्टात बसून युक्तिवाद ऐकण्याचा प्रसंग आला असेल, तर वकील बोलता बोलता काही आकडे सांगतात, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ‘एआयआर १९७३, सुप्रीम कोर्ट, १४६१.’ हे केशवानंद भारती खटल्याच्या निकालाचं सायटेशन. ऑल इंडिया रिपोर्टर या मालिकेचा १९७३ सालचा सुप्रीम कोर्टाचा भाग काढा आणि १४६१ वं पान उघडा, असा त्याचा अर्थ. हाच निकाल ‘(१९७३) ४ एससीसी २२५’ या दुसऱ्या मालिकेतही मिळतो. निकाल एकच, पण छापणारे वेगळे, म्हणून त्याचे पत्तेही वेगळे.

न्यायालयाचा निकाल हा कायद्याचा भाग असतो. उद्या तुमच्या जमिनीच्या, नोकरीच्या किंवा पोटगीच्या दाव्यात तो तुम्हाला लागू होऊ शकतो. म्हणून तो वाचण्याचा हक्क प्रत्येकाला हवा. आणि वाचायचा तर आधी सापडायला हवा. आज मला ज्या कामाबद्दल बोलायचं आहे, ते या सापडण्याशी संबंधित आहे. ते काम अमेरिकेत झालेलं आहे.

फ्री लॉ प्रोजेक्ट नावाची तिथली एक ना-नफा संस्था निकाल गोळा करून सर्वांना विनामूल्य वाचायला देते. हे करताना त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहिला. प्रत्येक निकालात जुन्या निकालांचे दाखले असतात. संगणकाला ते ओळखता आले, तर एका निकालातून दुसऱ्यात सहज जाता येईल. पण त्यासाठी निकाल छापणाऱ्या सगळ्या मालिका, त्यांची लघुरूपं आणि त्यांचे काळ संगणकाला माहीत असायला हवेत. म्हणून त्यांनी या मालिकांची एक नोंदवही तयार केली आणि तिला नाव दिलं रिपोर्टर्स-डीबी. ती ओपन सोर्स आहे. कुणीही घ्यावी, वापरावी, दुरुस्त करावी.

अशी नोंदवही का लागते, हे कळायला थोडा इतिहास पाहावा लागेल. अमेरिकेत निकाल छापण्याची सुरुवात सरकारने केली नाही. अलेक्झांडर डॅलस नावाच्या वकिलाने १७९० मध्ये आपला पहिला खंड काढला. आज तो अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकृत मालिकेतला पहिला खंड मानला जातो, पण त्यात त्या न्यायालयाचा एकही निकाल नाही, सगळे पेनसिल्व्हेनियाचे आहेत. डॅलसनंतर क्रँच आले, मग व्हीटन, पीटर्स, हॉवर्ड, ब्लॅक आणि वॉलेस. खंडाला संपादकाचं नाव, हीच रीत होती. असे ९० खंड झाल्यावर ही रीत थांबली आणि जुन्या खंडांनाही मागाहून सलग क्रमांक मिळाले. त्यामुळे १८०३ चा मार्बरी विरुद्ध मॅडिसन हा प्रसिद्ध निकाल ‘१ क्रँच १३७’ असाही सापडतो आणि ‘५ यू.एस. १३७’ असाही.

पुढे मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरातून वेस्ट कंपनीने प्रादेशिक आणि फेडरल न्यायालयांच्या मालिका काढल्या. खंडांचे क्रमांक फार वाढले की नवी आवृत्ती सुरू करून पुन्हा एकपासून मोजायचं. फेडरल रिपोर्टर १८८० मध्ये सुरू झाला, त्याची दुसरी आवृत्ती १९२४ मध्ये, तिसरी १९९३ मध्ये आणि चौथी २०२१ मध्ये आली. शिवाय प्रत्येक राज्याच्या मालिका वेगळ्या, आणि प्रत्येक वकिलाची लघुरूप लिहिण्याची पद्धतही वेगळी. कुणी टिंब देतो, कुणी देत नाही, कुणी जागा सोडतो, कुणी जोडून लिहितो.

एकच उदाहरण जवळून पाहू. निकालात ‘२ वॉश.’ असं लिहिलेलं आहे. ही वॉशिंग्टन राज्याची मालिका असू शकते. ते राज्य १८८९ मध्ये अस्तित्वात आलं. पण जॉर्ज वॉशिंग्टन यांचे पुतणे बुशरॉड वॉशिंग्टन यांनीही १७९० च्या दशकातले व्हर्जिनियाचे निकाल दोन खंडांत छापले होते, आणि त्यांचंही लघुरूप तेच. दाखला देणारा निकाल १८५० सालचा असेल, तर वॉशिंग्टन राज्याचा प्रश्नच येत नाही. जाणता ग्रंथपाल हे चटकन ओळखतो. संगणकाला मात्र प्रत्येक मालिका कधी सुरू झाली आणि कधी संपली, हे कुणीतरी आधी लिहून द्यावं लागतं.

रिपोर्टर्स-डीबीमध्ये हेच लिहिलेलं आहे. वेस्टच्या अटलांटिक रिपोर्टर या प्रादेशिक मालिकेची नोंद काढली, तर पहिली आवृत्ती १८८५ पासून, दुसरी १९३८ पासून आणि तिसरी २०१० पासून अशी माहिती मिळते, आणि खाली चुकतमाकत लिहिली जाणारी त्याची सगळी लघुरूपं. शेवटची तारीख कोरी असेल, तर मालिका अजून चालू आहे असं समजायचं. आणि सुरुवातीची तारीख १ जानेवारी १७५० दिसली, तर त्याचा अर्थ खरी तारीख ठाऊक नाही. मला या नोंदवहीतला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. अंदाज ठोकून दिला असता, तर तो पुढे शेकडो प्रोग्रॅममध्ये खरा म्हणून पसरला असता.

आता पॅकेजिंगकडे, म्हणजे ही नोंदवही इतरांना वापरता येईल अशी बांधून देण्याकडे येतो. नोंदवही तयार झाली म्हणजे ती लोकांपर्यंत पोचली असं होत नाही. एखाद्या विद्यार्थ्याने संगणकावर एक आज्ञा द्यावी आणि ती नोंदवही नीट, पुरी, चालू स्थितीत त्याच्यापुढे यावी, ही व्यवस्था कुणाला तरी करावी लागते. रिपोर्टर्स-डीबी पायथॉन भाषेच्या सार्वजनिक भांडारात पॅकेज म्हणून ठेवलेली आहे. अशी पॅकेजेस पुढे डेबियनसारख्या लिनक्स वितरणांत आणायची, तर स्वयंसेवकांना प्रत्येक गोष्ट पुन्हा तपासावी लागते.

पहिली तपासणी परवान्याची. रिपोर्टर्स-डीबीचा परवाना बीएसडी पद्धतीचा आहे: मूळ कर्त्यांची नोंद कायम ठेवा आणि खुशाल वापरा. पण पॅकेज करणाऱ्याने एवढ्यावर थांबायचं नसतं. आतली माहिती कुणाच्या मालकीची तर नाही ना, हेही पाहायचं असतं. इथे एक जुना निकालच मदतीला येतो. ज्या व्हीटन आणि पीटर्स यांचा उल्लेख मघाशी केला, ते दोघे एकमेकांविरुद्ध कोर्टात गेले होते. पीटर्स यांनी व्हीटन यांचे खंड संक्षिप्त करून स्वस्तात काढले, म्हणून व्हीटन यांनी दावा लावला. १८३४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की न्यायालयाच्या निकालांवर कुठल्याही संपादकाचा कॉपीराइट असू शकत नाही. आपल्याकडेही १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये निकाल पुन्हा छापण्याची मुभा आहे. संपादकाने स्वतःच्या बुद्धीने लिहिलेला सारांश मात्र त्याचा असतो. ही रेघ पॅकेज करणाऱ्याला नीट ठाऊक असावी लागते.

दुसरी तपासणी माहितीच्या फायलींची. अशा पॅकेजमध्ये कोड थोडा आणि माहिती फार असते. गठ्ठा बांधताना कोड आपोआप आत जातो, पण माहितीच्या फायली वेगळ्या सांगाव्या लागतात. त्या सांगायच्या राहिल्या, तर पॅकेज विनातक्रार इन्स्टॉल होतं आणि वापरायला घेताक्षणी फाइल सापडत नाही म्हणून बंद पडतं. ते बांधणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावर फायली आधीच असतात, म्हणून त्याला हा दोष दिसतही नाही. यावर उपाय एकच. बांधलेलं पॅकेज कोऱ्या जागी इन्स्टॉल करायचं आणि तिथे चाचण्या चालवायच्या. रिपोर्टर्स-डीबीच्या चाचण्यांत एक साधी चाचणी अशी आहे, की कोणतीही मालिका सुरू होण्याआधी संपत तर नाही ना. इतकी साधी चाचणीही हजारो नोंदींत टंकलेखनाची चूक नेमकी पकडते.

तिसरी गोष्ट आवृत्तीची. नोंदवहीत भर पडते, दुरुस्त्या होतात. आज केलेला अभ्यास दोन वर्षांनी कुणाला पडताळायचा असेल, तर तेव्हा कोणती आवृत्ती वापरली होती, हे सांगता आलं पाहिजे. म्हणून प्रत्येक प्रकाशनाला क्रमांक द्यायचा आणि एकदा दिलेल्या क्रमांकाखालची माहिती कधी गुपचूप बदलायची नाही.

श्रोतेहो, या कामाला टाळ्या मिळत नाहीत. पण कायदा लोकांचा आहे, हे वाक्य खरं व्हायचं असेल, तर त्याची शोधसाधनंही लोकांची असली पाहिजेत. ती फक्त महागडी वर्गणी भरणाऱ्याकडे राहिली, तर पैसेवाल्याच्या वकिलाला दाखला मिळेल आणि गरिबाच्या वकिलाला मिळणार नाही.

आपल्याकडे याची गरज काही कमी नाही. इंडियन लॉ रिपोर्ट्‌सची मुंबई मालिका १८७६ पासूनची, बॉम्बे लॉ रिपोर्टर १८९९ पासूनचा, आणि ऑल इंडिया रिपोर्टर तर आपल्या नागपूरचा. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाने आपल्या निकालांना स्वतःचे क्रमांक द्यायला सुरुवात केली आहे आणि ई-एससीआर या आपल्या संकेतस्थळावर निकाल विनामूल्य ठेवले आहेत. ही फार चांगली गोष्ट झाली. तरीही संस्थानांच्या काळातल्या आणि आता बंद पडलेल्या अनेक मालिकांचे दाखले जुन्या निकालांत आहेतच.

त्या मालिकांची ओळख आज तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या बार लायब्ररीतल्या कपाटांत आणि तिथल्या अनुभवी ग्रंथपालांकडे आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याजवळ बसावं. मालिकेचं नाव, लघुरूपं, पहिला खंड आणि शेवटचा खंड, एवढ्या चार गोष्टी लिहून काढाव्यात. संगणक शिकणाऱ्यांनी त्या तपासून, मुक्त परवान्याखाली, नीट पॅकेज करून सर्वांपुढे ठेवाव्यात. यासाठी मोठं अनुदान लागत नाही, चिकाटी लागते. आणि हे काम एकदा नीट झालं, की महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावच्या वकिलाला आणि त्याच्या पक्षकाराला ते कायमचं उपयोगी पडेल.