भाजलेला रुग्ण आणि पहिले आठ तास

तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले दगावली. ओरत्तनाडु हे त्याच जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय मात्र तंजावर शहरात आहे. हे अंतर का महत्त्वाचे, ते शरीरशास्त्र सांगते.

गंभीर भाजल्यावर केशवाहिन्यांतून रक्तद्रव पाझरतो, रक्तदाब घसरतो, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. यावरील पहिले औषध म्हणजे शिरेतून द्यावयाचे रिंगर लॅक्टेट. पार्कलंड सूत्रानुसार ५० किलो वजनाच्या, ४० टक्के भाजलेल्या प्रौढास २४ तासांत सुमारे ८ लिटर द्रावण लागते. त्यातील निम्मे पहिल्या ८ तासांत. हे तास रुग्णालयात दाखल झाल्यापासून नव्हे, तर भाजल्या क्षणापासून मोजले जातात.

पुढे चयापचय वाढून स्नायू झिजतात, प्रतिकारशक्ती खालावते. म्हणून प्रथिनयुक्त आहार, वेदनाशामके आणि जखमेवर जंतुरोधक मलम आवश्यक ठरते. पोटातून वा शिरेतून प्रतिजैविके मात्र सामान्यतः संसर्ग दिसल्यावरच दिली जातात.

तात्पर्य, महागड्या औषधांआधी तालुका रुग्णालयातील सलाइनचा साठा, प्रशिक्षित परिचारिका आणि रुग्णवाहिका यांवरील खर्चास नियोजनात अग्रक्रम मिळावयास हवा.