बैलाची दुपार, माणसाची दुपार

(नेवासे येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



माणसाला प्राणी म्हणायचं का, हा आजचा विषय. जीवशास्त्रापुरता त्याचा निकाल कधीच लागला आहे. १७५८ मध्ये स्वीडनच्या लिनियसनं माणसाला ‘होमो सेपियन्स’ असं नाव देऊन वानरांच्याच गणात बसवलं. तेव्हा डार्विनचा जन्मही झालेला नव्हता. कायद्यानं मात्र वेगळी वाट धरली. १८६० च्या भारतीय दंड संहितेत प्राण्याची व्याख्या होती, मानव सोडून कोणताही सजीव. २०२४ मध्ये तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. बरंच काही बदललं, पण ही व्याख्या तशीच राहिली.

चोरीच्या किंवा मालमत्तेच्या खटल्यात ही व्याख्या सोयीची आहे, त्याबद्दल तक्रार नाही. माझा प्रश्न असा, की आपण मनातल्या मनातही स्वतःला असं वगळून टाकलं, त्यात माणसाचं भलं झालं का?

आपल्याच जिल्ह्यात पाहू. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढलं, गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडलं. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांचे सहकारी त्याच्या मागावर होते. तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. वाटेत गावं लागली, हमरस्ते लागले. त्यानं कुणाला इजा केली नाही. त्याचं नाव ‘आजोबा’. पुढे त्याच्यावर चित्रपटही निघाला. अकोले तालुक्यातल्या खोऱ्यातही अत्रेय यांनी अभ्यास केला. तिथं बिबटे उसात, वस्त्यांच्या आसपास राहतात, तिथंच पिल्लं वाढवतात आणि मुख्यतः कुत्र्यांवर जगतात, असं त्यात दिसलं.

बिबट्या उभ्या माणसाला सहसा टाळतो. पण वाकलेला, उकिडवा बसलेला माणूस किंवा लहान मूल त्याला शेळी-कुत्र्याएवढं दिसतं. म्हणून तर वनखातं सांगतं, अंधारात शेतात बसू नका, मुलांना एकटं सोडू नका. त्याच्या डोळ्यांपुढे आपली संस्कृती नसते, फक्त आपली उंची असते.

आता विचारा, अंधारात उसाच्या कडेला बसावं कुणाला लागतं? ज्याच्या कोपीला संडास नाही, त्याला. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून, पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून त्याच्या हिशेबात एक कोयता. पहाटे फड सुरू होतो आणि मूल बांधावर झोपलेलं असतं. तिथं बिबट्या आला की आपण बिबट्याची बातमी करतो. मूल बांधावर का होतं, याची बातमी होत नाही.

त्याच फडातून बैलगाडी निघते. त्या बैलासाठी १९६५ चे केंद्राचे नियम आहेत. दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही. सलग पाच तासांच्या वर नाही, मध्ये विश्रांती हवी. जिथं पारा ३७ अंशांवर जातो, तिथं दुपारी बारा ते तीन बैल जुंपायचा नाही. नियम किती पाळले जातात, हे तुम्ही रोज रस्त्यावर बघता. पण कागदावर तरी बैलाला ऊन लागतं, हे कुणीतरी मान्य केलं. मार्चच्या उन्हात मोळी डोक्यावर घेऊन चाललेल्या बाईची दुपार कोण मोजतं?

इथं एक आक्षेप येतो आणि तो जड आहे. ज्यांना शतकानुशतकं जनावरासारखं वागवलं, त्यांनाच तुम्ही प्राणी म्हणवून घ्यायला सांगता? २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब गेले, ते नुसत्या तहानेसाठी नव्हे. त्या तळ्यावर गुरांना मज्जाव नव्हता, अस्पृश्यांना होता. मागणी माणूस म्हणून बरोबरीची होती. तिच्यातलं तसूभरही मला कमी करायचं नाही. मात्र ज्यांनी ते पाणी अडवलं, ते माणसाला प्राणी मानणारे नव्हते. माणूस पशूहून श्रेष्ठ, ही शिडी त्यांना हवीच होती. शिडी असली की कुणाला तरी खालच्या पायरीवर ढकलता येतं.

ही शिडीच नाकारणारी एक कथा ज्ञानदेवांच्या या पैस खांबाच्या गावात सांगायची गरज नाही, तरी सांगतो. संन्याशाची पोरं म्हणून ज्ञानदेवांना आणि त्यांच्या भावांना मुंज नाकारली. पैठणला शुद्धिपत्र मागायला गेले, तेव्हा रेड्यावरून त्यांची चेष्टा झाली. रेड्याच्या पाठीवर आसूड बसला आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उठले, असं परंपरा सांगते. आख्यायिका म्हणूनच घ्या. पण तिची दिशा पाहा. समाजाबाहेर टाकलेला मुलगा ‘मी काय रेडा आहे?’ असं विचारत नाही. रेड्यात आणि माझ्यात एकच आहे, असं तो म्हणतो. पुढे १२९० मध्ये याच नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली.

महाडची मागणी आणि पैठणची कथा मला एकमेकींच्या विरोधात वाटत नाहीत. बरोबरी मागायची ती माणूस म्हणूनच. पण ती ज्या देहाला मिळायची, त्याला ऊन लागतं, तहान लागते, बाळंतपण येतं. या बाबतीत तो बैलाचा भाऊ आहे. हे नातं नाकारलं, की कायद्यानं समान ठरलेली बाई उन्हात मोळ्या वाहत राहते आणि आपल्याला त्यात काही खटकत नाही. माणसाला प्राणी मानावं, ते एवढ्यासाठी.

तुमच्यातले बरेच जण साखर कारखान्याचे सभासद आहात. वार्षिक सभेत तुम्ही उताऱ्यावर, भावावर बोलता. या वर्षी एवढंही विचारा, की आपल्या उसाच्या फडावर संडास, दिवा, सावली आणि मुलं सांभाळायची जागा यांचा खर्च ताळेबंदात कुठं लिहिला आहे? लिहिलेला नसेल, तर तो मंजूर झाल्याशिवाय सभा उठू देऊ नका.