श्रीलंकेच्या जंगलात

श्रीलंकेच्या जंगलात वाघ नाही, सिंहही नाही. तिथला राजा बिबट्या. आपल्याकडे तो दबकत वावरतो. यालाच्या राष्ट्रीय उद्यानात मात्र दिवसाउजेडीही खडकावर ऐसपैस पहुडलेला दिसतो. याला आणि विल्पत्तू ही दोन्ही उद्यानं १९३८ सालची.

पण खरा सोहळा मिन्नेरियाचा. हा तलाव राजा महासेनानं तिसऱ्या शतकात बांधला. ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी ओसरतं, ओल्या तळाशी कोवळं गवत उगवतं आणि हत्तींचे कळपच्या कळप तिथे जमतात. हत्तीण सोंडेनं गवताची जुडी उपटते, पायावर आपटून मुळांची माती झटकते आणि मगच तोंडात घालते. पिल्लं तिच्या पोटाखालून डोकावत असतात. हे बघावंच असं दृश्य! अलीकडे मात्र दुसऱ्या धरणाचं पाणी इथे येतं, ऐन कोरड्या दिवसांत कुरण बुडतं आणि हत्ती पांगतात. शेतीला पाणी हवंच, पण ते सोडण्याची वेळ ठरवताना हत्तींचाही विचार व्हायला हवा.

जाणार असाल तर आधी चौकशी करा. यालाचा मुख्य भाग कोरड्या हंगामात, बहुधा सप्टेंबरपासून, काही आठवडे बंद असतो.